थांबा, पण तारीख ठरवून

1999 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या काही तरुण खगोलशास्त्रज्ञांनी एक छोटासा निबंध लिहिला. विषय वरकरणी थट्टेचा होता. संगणकावरचं एखादं अवाढव्य गणित आजच सुरू करावं, की काही महिने मजेत घालवून, मग नवा वेगवान संगणक घेऊन सुरू करावं? थट्टेमागचा हिशेब मात्र पक्का होता. संगणकाचा वेग दर 18 महिन्यांनी दुप्पट होतो असं धरलं, तर आजच्या यंत्रावर पाच वर्षं चालणारं काम दीड वर्ष थांबून दुप्पट वेगाच्या यंत्रावर अडीच वर्षांत उरकतं. म्हणजे चारच वर्षांत मोकळे. याच हिशेबातून त्यांनी सीमारेषाही काढली. 26 महिन्यांहून लांब काम असेल तर थांबण्यात फायदा, त्याहून छोटं असेल तर आजच सुरू केलेलं बरं. लॅपटॉप आता घ्यावा की थांबावं, या घरोघरच्या प्रश्नाला या निबंधातून एक धडा मिळतो. वेग खरोखरच झपाट्यानं वाढत होता त्या काळातही थांबणं केवळ महाप्रचंड कामांनाच परवडत होतं. प्रोजेक्ट रिपोर्ट, दुकानाचे हिशेब, ऑनलाइन शिकवणी ही कामं कधीच त्या रेषेपलीकडे जात नाहीत.

तरीही ‘थोडं थांब, आणखी चांगला येईल आणि स्वस्तही होईल’ हा सल्ला आपल्याकडे पक्का रुजला आहे. तो एके काळी निराधार नव्हता. गॉर्डन मूर यांनी 1965 साली चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल असं भाकीत केलं आणि 1975 मध्ये तो काळ दोन वर्षांवर आणला. 1993 मध्ये पहिला पेंटियम 60 मेगाहर्ट्‌झवर चालत होता. 2000 साली प्रोसेसरनी एक गिगाहर्ट्‌झची रेषा ओलांडली. सात वर्षांत घड्याळाचा वेग सोळापट! तेव्हा वर्षभर थांबणाऱ्याला खरोखरच घसघशीत काही मिळत होतं. पण 2005 च्या आसपास ही घोडदौड अडली. वेग आणखी वाढवला की चिप इतकी तापू लागली, की उष्णता बाहेर काढणंच अवघड झालं. त्यानंतरची प्रगती वेगळ्या वाटांनी आली: एका चिपवर अनेक कोअर, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, कमी वीज खाणारे प्रोसेसर. अ‍ॅपलची एम-वन चिप नोव्हेंबर 2020 मध्ये आली, तेव्हा वेग आणि बॅटरी या दोन्हींत खरी झेप दिसली. पण अशी झेप दरवर्षी येत नाही, आणि पुढची कधी येईल हे ठरवून सांगता येत नाही. पाच वर्षांपूर्वीचा बरा लॅपटॉप आजही लिहिणं, ब्राउझर, एक्सेल आणि व्हिडिओ कॉल निमूटपणे सांभाळतो. वर्षभर थांबून या कामांत पडणारा फरक बहुतेकांना जाणवणारही नाही.

सल्ल्याचा दुसरा पाय किमतीचा, आणि तो तर जास्तच डळमळीत आहे. लॅपटॉपचे महत्त्वाचे सुटे भाग आयात होतात, त्यांचा व्यवहार डॉलरमध्ये चालतो. 2011 च्या मध्यावर डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर 2025 मध्ये त्यानं नव्वदी ओलांडली. तंत्रज्ञान जितकं स्वस्त झालं, त्यातला मोठा वाटा रुपयाच्या घसरणीनं परत घेतला. त्यात पुरवठ्याचे धक्के आहेतच. 2011 मध्ये थायलंडला पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर डिस्क महागल्या. 2020 नंतर चिपटंचाई आली. 2025 च्या उत्तरार्धात पाळी मेमरीची होती. जगातली बहुतांश डीरॅम मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या खास मेमरीत नफा जास्त, शिवाय तेवढ्याच क्षमतेसाठी तिला सिलिकॉनही जास्त लागतं. साहजिकच कारखान्यांचा ओढा तिकडे गेला आणि साध्या संगणकाच्या रॅमचे भाव भडकले. मायक्रॉननं तर डिसेंबर 2025 मध्ये ‘क्रुशियल’ या नावाचा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. सरकारी धोरणाकडून आशा ठेवणाऱ्यांचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे नवे दर लागू झाले, एसी आणि मोठे टीव्ही 28 वरून 18 टक्क्यांवर आले. लॅपटॉपवरचा कर आधीपासून 18 टक्केच होता, तो तिथेच राहिला. त्याआधी 3 ऑगस्ट 2023 ला केंद्रानं लॅपटॉपच्या आयातीवर अचानक परवान्याची अट घातली, लगेच ती ऑक्टोबरअखेरपर्यंत पुढे ढकलली आणि शेवटी ऑनलाइन नोंदणीची सौम्य व्यवस्था आणली. म्हणजे थांबणाऱ्यावर पुढच्या वर्षी जास्त पैसे मोजण्याची पाळीही येऊ शकते.

मग थांबूच नये का? असा सरसकट निष्कर्ष चुकीचा ठरेल. मुंबईत जन्मलेले, इथल्याच सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेले अर्थतज्ज्ञ अविनाश दीक्षित यांनी रॉबर्ट पिंडाइक यांच्यासोबत 1994 साली अनिश्चिततेतल्या गुंतवणुकीवर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. त्यातलं सूत्र ढोबळपणे असं: खर्च एकदा केला की परत मिळणार नसेल, भविष्य अनिश्चित असेल आणि निर्णय पुढे ढकलता येत असेल, तर थांबण्याच्या मुभेलाही किंमत असते. त्यांचा विषय कारखाने आणि यंत्रसामग्रीचा, पण लॅपटॉपलाही तो चपखल लागू पडतो. खोका उघडला की त्याचा पुनर्विक्रीचा भाव पडतो, पैसे अडकतात. मात्र या मुभेचं मोल येतं ते थांबण्याच्या काळात हाती लागणाऱ्या माहितीमुळे. चार महिन्यांनी तुम्हाला आजच्यापेक्षा जास्त काही कळणार असेल, तर थांबणं हा व्यवहार आहे. काहीच नवं कळणार नसेल, तर नुसतेच चार महिने जातात.

या चार महिन्यांची किंमत काढता येते. समजा लॅपटॉप 60,000 रुपयांचा आहे आणि तो पाच वर्षं वापरायचा आहे. म्हणजे महिन्याला 1,000 रुपये पडले. चार महिन्यांनी दिवाळीच्या सेलमध्ये तोच 5,000 रुपयांनी स्वस्त मिळेल अशी आशा आहे. ज्याचं जुनं यंत्र ठीक चालतंय, त्याला हे थांबणं दुहेरी लाभाचं: सवलतीचे 5,000, शिवाय खरेदी चार महिने लांबली म्हणून वाचलेले 4,000. पण ज्याचं यंत्र बंदच पडलं आहे, त्यानं स्वतःला वेगळा प्रश्न विचारावा: महिन्याला 1,250 रुपये वाचतात म्हणून मी संगणकाविना राहायला तयार आहे का? घरून डीटीपीची कामं घेणाऱ्याला, शिकवण्या करणाऱ्याला किंवा नोकरीसाठी अर्ज भरत असलेल्या पदवीधराला उत्तर शोधावं लागणार नाही. घाई करणाऱ्यांनाही हाच हिशेब आवरतो. भाव 10 टक्के वाढणार अशी बातमी आली की दुकानात गर्दी होते. पण 60,000 वर 10 टक्के म्हणजे 6,000, म्हणजेच सहा महिन्यांचा वापर. जुनं यंत्र आणखी सहा महिन्यांहून जास्त धडपणे चालणार असेल, तर ती वाढ सोसूनही थांबणारा तोट्यात जात नाही. म्हणून बाजारभावाआधी पाहायला हवं ते आपल्या हातातल्या यंत्राकडे.

ज्या थांबण्यातून खरोखर माहिती मिळते, त्याचं उत्तम उदाहरण दरवर्षी महाराष्ट्रात दिसतं. सीईटीचा निकाल लागला की अनेक घरांत लॅपटॉपची खरेदी होते, तेव्हा कॅपच्या फेऱ्या पूर्ण व्हायच्या असतात. मुलाला कम्प्युटर मिळणार, सिव्हिल की मेकॅनिकल, हेच ठाऊक नसताना 80-90 हजारांचं गेमिंग यंत्र घरात येतं. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडतं. प्रोग्रामिंगच्या पहिल्या धड्यांना त्याची काहीच गरज नसते. शाखा ठरेपर्यंत आणि कॉलेजकडून सॉफ्टवेअरची यादी कळेपर्यंत थांबलं, तर खर्चाचा आकडाच बदलू शकतो. इथे थांबण्याला कारण आहे आणि शेवटही. उलट बाजूचीही एक तारीख आहे. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती ग्राहकांसाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत 13 ऑक्टोबर 2026 ची. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणाऱ्याला अमर्याद थांबता येणार नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. मेमरीचा धंदा तर चक्राचा. टंचाईनंतर महापूर येतो आणि भाव कोसळतात, हे आजवर अनेकदा घडलंय. मग चढ्या भावात का घ्यावं? आक्षेपातला पहिला भाग बरोबर आहे. भाव कधी तरी उतरतील. अडचण ‘कधी’ची आहे. मेमरीचा नवा कारखाना पायाभरणीपासून उत्पादनापर्यंत यायला वर्षं लागतात. गुजरातमधल्या साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाकडे बोट दाखवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की तिथे जुळणी आणि चाचणी होते, मूळ सिलिकॉन चकत्या बनत नाहीत. ज्याचं जुनं यंत्र चालतंय त्यानं या चढ्या काळात जरूर थांबावं, कारण त्याला थांबणं फुकट पडतं. ज्याचं काम अडलंय त्यानं बिनतारखेच्या मंदीवर भिस्त ठेवू नये.

दुसरा आक्षेप एआयचा. आता संगणकच बदलणार आहेत, आज घेतलेला उद्या कालबाह्य ठरेल, ही भीती. मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘कोपायलट प्लस’ संगणकांची व्याख्या जाहीर केली: सेकंदाला 40 लाख कोटी क्रिया करणारा वेगळा एआय प्रोसेसर आणि किमान 16 जीबी मेमरी. पण लोक रोज वापरतात त्या बहुतेक एआय सेवा दूरच्या सर्व्हरवर चालतात, त्यांना आपल्याकडे ब्राउझर आणि इंटरनेट पुरतं. तेव्हा या बिल्ल्यासाठी थांबूही नये आणि केवळ त्यासाठी जास्त पैसेही मोजू नयेत. त्यातली 16 जीबीची अट मात्र मनावर घ्यावी. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डलाच डाखलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. आज चार पैसे वाचवायला घेतलेले 8 जीबी तीन वर्षांत नवी खरेदी करायला लावतील, मग महिन्याचा हिशेब 1,000 वरून बराच वर जातो.

‘घ्यावा की थांबावं’ या वादात तिसरी वाट नेहमी विसरली जाते. जुन्या लॅपटॉपमध्ये अजून हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवली की बहुतेक वेळा तो ओळखू येणार नाही इतका चपळ होतो. एसएसडीही महागल्या असल्या, तरी हा खर्च नव्या यंत्राच्या मानानं किरकोळ राहतो. दमलेली बॅटरी बदलता येते. विंडोज 11 नाकारणाऱ्या यंत्रावर लिनक्स घालून ते लिहिण्या-वाचण्यापुरतं कामात ठेवता येतं. त्यातून जे वर्षभर मिळतं, ते नुसतं वाट पाहण्यात गेलेलं वर्ष नसतं, कारण काम चालूच राहतं.

तेव्हा थांबायचं असेल तर कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे दोन्ही सांगता आलं पाहिजे: प्रवेश निश्चित होईपर्यंत, अमुक सेल संपेपर्यंत, जाहीर झालेलं मॉडेल भारतात येईपर्यंत. तारीख उलटली की आपल्या कामाला पुरेल असं यंत्र घेऊन मोकळं व्हावं. त्यानंतरच्या महिन्यात त्याहून सरस किंवा स्वस्त काही तरी बाजारात येण्याची शक्यता दाट आहे. त्यावरून आपला निर्णय चुकला असं ठरत नाही. त्या सरस यंत्रासाठी थांबलेल्याला त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच दिसणार आहे. तोवर तुमचं काम एक महिना पुढे गेलेलं असेल.