नाकारलेल्या दाव्याची तिसरी पायरी

आपल्याकडील कित्येक घरांतील वडील माणसें आज अमेरिकेंत मुलांजवळ राहतात. वयाची पासष्ट वर्षें उलटलेल्या आणि कायम रहिवासाच्या परवान्यावर सलग पांच वर्षें तेथें काढलेल्या माणसाला 'मेडिकेअर' या सरकारी आरोग्यविम्यांत नांव घालतां येतें. पूर्वीं तेथें नोकरी केली नसल्यास हप्ता मात्र भरावा लागतो. 1965 सालीं प्रेसिडेंट जॉन्सन यांच्या सहीनें या विम्याचा कायदा झाला. त्याखालील दावा नाकारला गेला तर काय करावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

समजा, एका आजींना पक्षाघात झाला. रुग्णालयांतून त्या शुश्रूषागृहांत गेल्या आणि साठ दिवसांनीं घरीं परतल्या. अशा शुश्रूषेचा खर्च हा विमा शंभर दिवसांपर्यंत उचलतो. एकविसाव्या दिवसापासून रुग्णालाहि कांहीं वाटा द्यावा लागतो. पुढें एके दिवशीं पत्र येतें कीं, तिसाव्या दिवसानंतर प्रकृतींत सुधारणा नव्हती, सबब त्यापुढील खर्च नामंजूर. घरांतील मंडळी पत्रावरची सरकारी मुद्रा पाहतात आणि साठविलेल्या पैशांतून बिल भरून मोकळी होतात.

परंतु हें पत्र म्हणजे न्यायनिवाडा नव्हे. सरकारनें नेमलेल्या कंपनीनें कागद पाहून दिलेलें तें उत्तर असतें. त्याविरुद्ध अपिलाच्या पांच पायऱ्या आहेत. पहिलें अपील 120 दिवसांच्या आंत त्याच कंपनीकडे करावयाचें. तेथें दुसरा अधिकारी कागद तपासतो. दुसरें 180 दिवसांच्या आंत एका स्वतंत्र तपासणी-संस्थेकडे. येथेंहि कागदच बोलतात, रुग्णाला कोणी विचारीत नाहीं.

तिसऱ्या पायरीवर प्रथमच माणसाची गांठ पडते. दुसरा नकार मिळाल्यापासून 60 दिवसांच्या आंत प्रशासकीय न्यायाधीशाकडे सुनावणी मागावी. वादांतील रक्कम किमान ठराविक असावी लागते. 2025 सालीं ती 190 डॉलर होती. या न्यायाधीशांचें स्वातंत्र्य 1946 च्या कायद्यानें राखलें आहे, आणि विमा चालविणाऱ्या कचेरीहून त्यांची कचेरी 2005 पासून वेगळी आहे. मागील दोन नकार त्यांना बांधून ठेवीत नाहींत. ते प्रकरण नव्यानें पाहतात. सुनावणी बहुधा टेलिफोनवर होते. शपथेवर आजी बोलूं शकतात, मुलगी बोलूं शकते, डॉक्टरहि बोलूं शकतात. फी नाहीं, वकिलाची सक्ति नाहीं. लेखी अधिकारपत्र दिल्यास मुलगीच बाजू मांडूं शकते. इंग्रजी न येणाऱ्यास दुभाषा विनामूल्य मिळतो.

मात्र तेथें केवळ करुणा भाकून काम होत नाहीं. नकाराचें जें कारण पत्रांत दिलें असेल, त्याच कारणाला उत्तर द्यावें लागतें. आजींच्या प्रकरणीं तें उत्तर तयारच आहे. 'जिमो विरुद्ध सिबेलियस' या खटल्यांतील तडजोडीला 2013 सालीं न्यायालयाची मान्यता मिळाली आणि एक गोष्ट स्पष्ट झाली: रुग्ण सुधारेल कीं नाहीं, हा प्रश्नच नव्हे. आहे ती प्रकृति टिकविण्यासाठीं किंवा ऱ्हास मंद करण्यासाठीं शिक्षित परिचारिकेचे वा व्यायामोपचारतज्ज्ञाचे हात आवश्यक होते काय, हा खरा प्रश्न आहे. म्हणून डॉक्टरांकडून नुसतें शिफारसपत्र घेऊं नये. कोणती शुश्रूषा, किती दिवस, आणि ती अशिक्षित माणसाच्या हातीं दिली असती तर कोणता धोका होता, हें तारखांसह लिहून घ्यावें. शुश्रूषागृहाच्या रोजच्या नोंदी मागवाव्या, आणि हे कागद शक्यतों पहिल्या पायरीपासूनच जोडावे.

येथेंहि निराशा झाली, तर चौथी पायरी अपील-मंडळाची आणि पांचवी संघीय न्यायालयाची. त्या न्यायालयासाठीं लागणारी रक्कम मोठी असते. 2025 सालीं ती 1,900 डॉलर होती.

दोन इशारे देतों. विमा खाजगी कंपनीमार्फत घेतला असेल, तर पहिल्या दोन पायऱ्यांची रीत व मुदती निराळ्या असतात. आणि रुग्ण अद्याप शुश्रूषागृहांतच असतांना खर्च बंद होणार असल्याची सूचना आली, तर तातडीच्या अपिलाचा वेगळा मार्ग आहे. त्याची मुदत दिवसांची नव्हे, तासांची असते.

तेव्हां नकाराचें पत्र आलें कीं तें कपाटांत ठेवूं नका. तें हातीं आल्याची तारीख त्यावरच लिहा आणि अपिलाची मुदत मोजूं लागा. पैसे भरण्याचा विचार त्यानंतर करावा.