नवशिक्यांसाठी संगणक-मार्गदर्शिका : उपयुक्ततेच्या कसोट्या

संगणक प्रथमच हाताळणाऱ्या वाचकाला ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजेच संगणकाच्या कार्यप्रणालीची, ओळख करून देणाऱ्या पुस्तिका मराठीत गेल्या दोन-अडीच दशकांत बऱ्याच निघाल्या. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे असे लेखन लाखो घरांत पोहोचले. या लेखनाचे मूल्यमापन मात्र क्वचितच झाले. पृष्ठसंख्या, रंगीत चित्रे, किंमत आणि 'नवीनतम आवृत्तीवर आधारित' हा मुखपृष्ठावरील शिक्का यांवरून पुस्तकाची निवड होते. यांपैकी एकाही गोष्टीवरून ते पुस्तक नवशिक्याच्या उपयोगी पडेल की नाही हे ठरत नाही.

हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. अनुभवी वाचकाला पुस्तक कळले नाही तर तो पुस्तकाला दोष देतो. नवशिका स्वतःला देतो. 'हे आपल्याला जमणारे नाही' असा त्याचा ग्रह एकदा झाला की तो सहसा पुसला जात नाही. पुस्तक मराठी असेल तर त्यापुढे आणखी एक ग्रह होतो : 'हे मराठीतून शिकण्यासारखे नाही.' म्हणून अशा पुस्तकाची पारख कोणत्या निकषांवर करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

काशीतील एक जुना दाखला

नवशिक्यासाठी ग्रंथ कसा रचावा, हा प्रश्न वाराणसीला नवा नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत. त्यांचा क्रम लाघवासाठी योजलेला असून एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत अनुवृत्त होते. त्यामुळे संपूर्ण ग्रंथ मुखोद्गत असणाऱ्यालाच त्याचा खरा उपयोग होतो. एकच शब्दरूप सिद्ध करायचे तर निरनिराळ्या अध्यायांतील सूत्रे जुळवावी लागतात. ही सूत्रे रूपसिद्धीच्या क्रमाने मांडण्याची प्रक्रियापरंपरा आधीच सुरू झालेली होती. काशीत भट्टोजी दीक्षितांनी 'सिद्धान्तकौमुदी'त तिला प्रौढ रूप दिले, आणि त्यांचे शिष्य वरदराज यांनी सतराव्या शतकात 'लघुसिद्धान्तकौमुदी' रचताना त्यातून पावणेतेराशेच्या आसपास सूत्रेच निवडली.

वरदराजांच्या कामाचे मर्म केवळ संक्षेपात नाही. काय गाळावे आणि उरलेले कोणत्या क्रमाने सांगावे, याचा निर्णय त्यांनी शिकणाऱ्याच्या गरजेवरून घेतला. संज्ञा, संधी, नामरूपे, क्रियारूपे असा हा क्रम आहे. तो नियमांचा नसून कामाचा आहे. याची किंमतही द्यावी लागते. अनुवृत्तीचा धागा तुटल्यामुळे सूत्राचा अर्थ तसाच का होतो, हे केवळ कौमुदी वाचणाऱ्याला उमगत नाही, असा अष्टाध्यायीक्रमाच्या समर्थकांचा आक्षेप आहे आणि तो निराधार नाही. प्रवेशग्रंथ काही मिळवतो तेव्हा काही सोडतोही.

संगणकाच्या क्षेत्रात हाच पेच १९७० नंतर उभा राहिला. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्स या कार्यप्रणालीचे काम सुरू झाले. तिची अधिकृत नियमपुस्तिका आज्ञांच्या वर्णानुक्रमाने लावलेली होती. म्हणजे ज्याला आज्ञेचे नाव ठाऊक आहे त्यालाच ती उपयोगी. १९७४ मध्ये ब्रायन कर्निघन यांनी 'युनिक्स फॉर बिगिनर्स' ही छोटी पुस्तिका लिहिली. आत प्रवेश कसा करावा, टंकनात चूक झाली तर ती कशी पुसावी, चालू झालेले काम कसे थांबवावे आणि बाहेर कसे पडावे, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन असे चार अनुबंध स्पष्ट करावेत, असा संस्कृत परंपरेचा दंडक आहे. संगणक-मार्गदर्शिकेच्या पारखीसाठीही हे चार अनुबंध उत्तम कसोट्या ठरतात.

अधिकारी : वाचक कोण?

'सर्वांसाठी उपयुक्त' असे म्हणणारे पुस्तक बहुधा कोणासाठीच नसते. वाराणसीपुरते पाहिले तरी नवशिका मराठी वाचक एकाच प्रकारचा नाही. महाराष्ट्रातून संशोधनासाठी आलेला विद्यार्थी भ्रमणध्वनी सफाईने वापरतो, पण फाइल नेमकी कोठे साठते हे त्याला ठाऊक नसते, कारण भ्रमणध्वनीने ती जागा त्याला कधी दाखवलेलीच नसते. ब्रह्माघाट-दुर्गाघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबातील निवृत्त गृहस्थाला कपाट, फाइल आणि तिच्यावरील नाव ही व्यवस्था चांगली कळते. त्याची अडचण माउस दोनदा झटकन दाबण्यात असते. पहिल्याला 'फोल्डर' समजावून द्यावा लागतो, दुसऱ्याला हात बसवावा लागतो. प्रस्तावनेत वाचकाचे पूर्वज्ञान गृहीत धरण्याची मर्यादा सांगितली आहे का, आणि ती पुढे पाळली आहे का, हे परीक्षकाने प्रथम पाहावे. तिसऱ्या पानावर 'ड्राइव्ह'चा उल्लेख येतो आणि त्याचा अर्थ चाळिसाव्या पानावर मिळतो, अशी पुस्तके दुर्मिळ नाहीत.

विषय : टिकणारे आणि बदलणारे

कार्यप्रणाली स्वतः दिसत नाही. स्मृतीची वाटणी, प्रक्रियकाच्या वेळेचे नियोजन, चकतीवरील फाइलींची नोंद आणि जोडलेल्या यंत्रांशी व्यवहार ही तिची कामे पडद्याआड चालतात. वाचकाला दिसतात ती चित्रे आणि खिडक्या. त्यामुळे पुष्कळ लेखक दिसते तेवढ्याचेच वर्णन करतात. परंतु दिसणारे रूप झपाट्याने बदलते. २०१२ च्या विंडोज ८ मधून 'स्टार्ट' हे परिचित बटण नाहीसे झाले, २०१३ च्या ८.१ आवृत्तीत ते परतले आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये जुन्या धर्तीची यादीही परत आली. उबुंटू या लिनक्सवर आधारित प्रणालीने २०११ मध्ये पडद्याची रचना बदलली आणि २०१७ मध्ये ती पुन्हा सोडली. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. 'डावीकडील खालच्या कोपऱ्यातील बटण दाबा' एवढेच शिकवणारे पुस्तक आवृत्तीबरोबरच निकामी होते.

याउलट फाइल म्हणजे काय, स्मृती आणि साठवण यांत फरक कोणता, जतन न केलेले काम वीज गेल्यावर का नाहीसे होते, एका यंत्रावर दोन व्यक्तींची वेगळी खाती का असतात, या गोष्टी अर्धशतकात फारशा बदललेल्या नाहीत. चांगल्या मार्गदर्शिकेत प्रत्येक कृतीमागे अशी एखादी टिकाऊ कल्पना उभी असते. अर्थात पहिली चाळीस पाने कल्पनांनीच भरून वाचकाला कळफलकापर्यंत पोहोचू न देणे, हा उलट दिशेचा दोष होय. कृती आधी यावी, आणि तिचे कारण तिच्या पाठोपाठ यावे.

संबंध : पुस्तकाची भाषा आणि पडद्याची भाषा

ग्रंथ आणि त्याचा विषय यांचा संबंध येथे अगदी शब्दशः तपासता येतो. पुस्तकात वाचलेला शब्द वाचक पडद्यावर शोधतो. पुस्तक 'धारिका' म्हणते आणि पडदा 'फाइल' दाखवतो, तेव्हा शब्द कितीही सुघड असला तरी वाचकाची वाट अडते. ऑपरेटिंग सिस्टिमलाच कार्यप्रणाली, संचालन प्रणाली, परिचालन प्रणाली असे पर्याय प्रचारात आहेत. हिंदीत तिला 'प्रचालन तंत्र' म्हणतात. पडदा मराठीत असेल तर 'जतन करा', हिंदीत असेल तर 'सहेजें' आणि इंग्रजीत असेल तर 'सेव्ह' दिसते. वाराणसीतील मराठी वाचकापुढे या तिन्ही शक्यता असतात. अशा वेळी पडद्यावर दिसणारा शब्द जसाच्या तसा देऊन त्याचा अर्थ मराठीत उलगडणे हाच राजमार्ग होय.

भाषेचा दुसरा भाग टंकनाचा आहे. हिंदी पुस्तिकेवरून देवनागरी टंकन शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला 'ळ' आणि 'ऱ' सापडत नाहीत, कारण हिंदी लेखकाला त्यांची फारशी गरजच पडत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ही दोन्ही अक्षरे आहेत : 'ल'च्या कळीवर शिफ्टसह 'ळ' आणि 'र'च्या कळीवर शिफ्टसह 'ऱ'. एवढे एक वाक्य नसेल तर 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद लेखनातून पुसला जातो. याहून गंभीर प्रश्न जुन्या टंकांचा आहे. उत्तर प्रदेशात प्रचलित कृतिदेव किंवा महाराष्ट्रातील शिवाजी या टंकांत लिहिलेला मजकूर यंत्र रोमन अक्षरांच्या संकेतांतच साठवते. देवनागरी असते ते केवळ त्यांचे बाह्य रूप. तो टंक नसलेल्या यंत्रावर प्रबंधाचे प्रकरण उघडले की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना १९९१ पासून स्वतःचे संकेत आहेत. हा फरक न सांगणारी मार्गदर्शिका मराठी वाचकासाठी अपुरीच म्हणावी लागेल.

प्रयोजन : चूक झाल्यानंतर

बहुतेक पुस्तके सर्व काही सुरळीत घडेल असे गृहीत धरतात. नवशिक्याचा अनुभव नेमका उलटा असतो. अमेरिकेत आयबीएमच्या संशोधनकेंद्रात जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात शब्दसंस्करण शिकणाऱ्यांचे निरीक्षण केले. शिकणारे पुस्तक क्रमाने वाचत नाहीत, वाचन सोडून आपले खरे काम करू पाहतात आणि चुकांच्या गुंत्यात अडकतात, असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी पाल्हाळ वगळून कृतीवर आणि चुकांच्या निरसनावर भर देणाऱ्या 'अल्पतम मार्गदर्शिके'ची कल्पना मांडली. १९९० मधील 'द न्यूर्नबर्ग फनेल' या ग्रंथात तिचे विवेचन आहे.

ही कसोटी लावणे सोपे आहे. परवलीचा शब्द बरोबर असूनही नाकारला जातो तेव्हा कॅप्स लॉक तपासावा, हे पुस्तकात आहे का? नकळत पुसलेला परिच्छेद कंट्रोल आणि झेड या कळींनी परत येतो, हे पहिल्या काही पानांत आहे का? पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये मिळते असे सर्वच पुस्तके सांगतात. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल सहसा तेथे जात नाही, हे किती सांगतात? पहिले विधान खोटे नाही, पण दुसऱ्यावाचून ते फसवे ठरते. ज्या विद्यार्थ्याचे वर्षभराचे टिपण पेन ड्राइव्हवर आहे, त्याच्या दृष्टीने पुस्तकाची सारी योग्यता या एका वाक्यात सामावलेली असते.

पारखीची रीत

या चार कसोट्या तज्ज्ञाने टेबलाशी बसून लावल्या तरी काम अर्धेच होते. तज्ज्ञाला वाक्यांमधील गाळलेल्या पायऱ्या दिसत नाहीत. तो त्या नकळत स्वतः भरतो. म्हणून पुस्तक प्रत्यक्ष नवशिक्याच्या हाती द्यावे, एक पत्र लिहिणे, ते ठरावीक ठिकाणी जतन करणे, दुसऱ्या दिवशी शोधून उघडणे, त्याची प्रत काढणे आणि पुसलेली प्रत परत मिळवणे अशी पाच कामे सांगावीत आणि परीक्षकाने मुकाट्याने शेजारी बसावे. वाचक जेथे थांबतो, मागची पाने चाळतो किंवा मान वर करून पाहतो, तेथे पुस्तकाचा दोष आहे असे समजावे. महिन्याभराने तीच कामे पुस्तकावाचून, आणि शक्य असल्यास निराळ्या आवृत्तीच्या यंत्रावर, करावयास सांगावीत.

शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची. लघुकौमुदी आयुष्यभर उशाशी ठेवण्यासाठी रचली गेली नव्हती. तिच्यातून पुढे जाऊन विद्यार्थ्याने मोठ्या ग्रंथाला हात घालावा, हेच तिचे सार्थक होते. संगणक-मार्गदर्शिकेचेही तसेच आहे. जी वाचकाला आपल्यावर अवलंबून ठेवते ती लोकप्रिय होऊ शकेल, परंतु उपयुक्त म्हणता येईल ती वाचकाला आपल्यावाचून चालू देणारीच.