शहराची वाढ आणि वाटांची जोडणी

शहर वाढलें म्हणजे लोकसंख्येचे व क्षेत्रफळाचे आंकडे देण्याचा प्रघात आहे. परंतु तें कसें वाढलें हें पाहण्याचें दुसरेंही एक साधन आहे. तें म्हणजे वाटांची जोडणी. चवाठ्यावर चार वाटा मिळतात, तिठ्यावर तीन. आंधळ्या बोळाच्या शेवटीं एकच. जेथें आंधळे बोळ फार, तेथें हाकेच्या अंतरावरील घरींही हमरस्त्याचा वळसा घेऊन जावें लागतें.

पुण्याचें उदाहरण घेऊं. कसबा ही जुनी वस्ती. सन १७३० मध्यें शनिवारवाड्याच्या बांधकामास आरंभ झाला आणि पेशवाईंत एकामागून एक पेठा वसल्या. सदाशिव पेठेस सदाशिवरावभाऊंचें नांव मिळालें, नाना पेठेस नाना फडणिसांचें. पेठ ही मुळांत बाजाराची वस्ती. गिऱ्हाइकास चहूंकडून वाट हवी. म्हणून येथील रस्ते अरुंद असले तरी एकमेकांस मिळालेले आहेत. सन १८२८ च्या आगींत शनिवारवाडा जळाला. भोंवतालच्या पेठांची जोडणी मात्र टिकली. इमारतीहून वाट चिरंजीव असते, ती अशी.

हीच गोष्ट उलट बाजूनेंही खरी आहे. एकदां तुटक पडलेली वाट पिढ्यान्‌पिढ्या तुटकच राहते. सन २०१७ मध्यें ११ व सन २०२१ मध्यें २३ गांवें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं. शहराच्या अशा कडेला बऱ्याच ठिकाणीं शेताच्या एका पट्टीवर एक वसाहत, शेजारच्या पट्टीवर दुसरी, मध्यें भिंत, आणि दोहोंचीं तोंडें एकाच रस्त्यावर, असा प्रकार दिसतो. हा दोष केवळ पुण्याचा नव्हे. बॅरिंग्टन-ली व मिलर्ड-बॉल यांनीं सन २०२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, सर्वाधिक लोकसंख्येच्या १३४ देशांपैकीं शेंकडा ९० देशांत सन १९७५ पासून नव्या वस्त्यांतील रस्त्यांची जोडणी कमी होत गेली आहे.

येथें कागदपत्रांच्या संग्राहकांचें काम लागतें. दोन गांवांना जोडणाऱ्या पाणंदी व शिवरस्ते गांवनकाशांत, तसेच शिवेच्या तंट्यांच्या महजरांत आढळतात. वस्ती उभी राहण्यापूर्वीं त्या वाटा ओळखतां आल्या, तर त्या राखतां येतील; भिंती उठल्यावर नाहीं. राजकारणाचीं पत्रें आम्ही प्राणापलीकडे जपतों आणि शिवेचे कागद रद्दींत जाऊं देतों. ज्यांच्या दप्तरांत असे कागद असतील त्यांनीं ते आधीं वाचावे, त्यांतील वाटांची यादी करावी व ती प्रसिद्ध करावी, अशी आमची विनंती आहे.