बदनाम का आहे रोबस्टा कॉफी?

कॉफीच्या महागड्या डब्यांवर '100 टक्के अरेबिका' हे शब्द ठळक अक्षरांत छापलेले असतात. '100 टक्के रोबस्टा' असे अभिमानाने मिरवणारा डबा मात्र क्वचितच पाहायला मिळतो. वास्तविक आपल्या देशात वर्षाकाठी साडेतीन लाख टनांच्या आसपास कॉफी पिकते आणि त्यातली सुमारे 70 टक्के रोबस्टाच असते. झटपट कॉफीच्या बाटलीत ती असते, फिल्टर कॉफीच्या अनेक मिश्रणांत असते आणि इटलीतल्या एस्प्रेसोतही असते. मग सगळ्यांच्या कपात असलेल्या या कॉफीचे नाव घ्यायला कोणी तयार का नाही? ती खरोखरच कमी प्रतीची आहे काय?

नावातच दणकटपणा

आपल्याकडे आधी आली ती अरेबिका. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी संताने येमेनमधून कॉफीचे सात दाणे आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावले, अशी आख्यायिका आहे. इंग्रजांच्या काळात दक्षिणेत आणि श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, कॉफीचे मोठमोठे मळे उभे राहिले. पण 1869 मध्ये सिलोनमध्ये पानांवर तांबेरा दिसला. पुढच्या दोनेक दशकांत तिथली कॉफी जवळपास संपली आणि मळेवाले चहाकडे वळले. आज सिलोनचे नाव चहाशी जोडले जाते, त्यामागे हा तांबेरा आहे.

अशा वेळी आफ्रिकेतल्या काँगोच्या जंगलातली एक वेगळी कॉफी पुढे आली. तांबेऱ्याला ती सहजासहजी दाद देत नव्हती. ब्रसेल्सच्या एका रोपवाटिका कंपनीने 'दणकट' या अर्थाने तिला 'रोबस्टा' हे नाव दिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जावा बेटावर आणि आपल्याकडेही लावली जाऊ लागली.

म्हणजे चवीसाठी तिला कोणी बोलावले नव्हते. अडचणीच्या वेळी मदतीला आली आणि तेवढ्यापुरतीच तिची किंमत राहिली. गंमत अशी की शास्त्रज्ञांच्या मते अरेबिका ही रोबस्टाची जात आणि कॉफीची आणखी एक रानटी जात यांच्या नैसर्गिक संकरातून जन्माला आली. घराण्याचा मान मुलीला मिळाला आणि आई मात्र मागच्या दारी राहिली!

दोघींत फरक काय?

अरेबिका साधारणपणे समुद्रसपाटीपासून 1000 मीटरच्या वरच्या थंड उतारांवर खुलते. रोबस्टा त्याखालच्या उष्ण, दमट भागातही जोमाने वाढते. अरेबिकाच्या खोडात शिरून झाड वाळवणारा खोडकिडा रोबस्टाच्या वाटेला सहसा जात नाही. त्यामुळे कोडगू आणि वायनाडमधल्या अनेक बागायतदारांनी रोबस्टाला जवळ केले.

दाण्याच्या आतही फरक आहे. अरेबिकात कॅफीनचे प्रमाण साधारण सव्वा ते दीड टक्का असते, रोबस्टात ते दोन टक्क्यांच्या वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट असते. अरेबिकात साखर आणि तेल अधिक असते, म्हणून ती सुवासिक आणि किंचित आंबूस-गोड लागते. रोबस्टा कडसर, भरीव आणि भाजलेल्या धान्याच्या चवीकडे झुकणारी असते. ही चव दुधात हरवत नाही. एस्प्रेसोवर जो तपकिरी, दाट फेस येतो तोही रोबस्टामुळे अधिक टिकतो. भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक इटली आहे, आणि तिथले कॉफी भाजणारे भारतीय रोबस्टा आवडीने घेतात, हे त्यामुळेच.

बदनामीचे दुष्टचक्र

तरीही रोबस्टा जळकट, लाकडासारखी किंवा मातकट लागते, अशी तक्रार असते. ती अगदीच खोटी नाही. पण हा दोष दाण्याचा किती आणि आपल्या हाताळणीचा किती, हे पाहिले पाहिजे.

चांगल्या कॉफीसाठी फक्त पिकलेली लाल फळे निवडून तोडावी लागतात. एकाच झाडावर दोन-तीन वेळा तोडणी करावी लागते आणि मजुरी तेवढीच वाढते. रोबस्टाला भाव कमी, म्हणून हिरवी, पिकली, वाळकी अशी सगळी फळे एकदमच ओरबाडली जातात. मग ती सालीसकट उन्हात पसरली जातात. थर जाड झाला किंवा वेळेवर उलथापालथ झाली नाही, तर फळे आंबतात, बुरशी धरतात. असा माल पुढे खूप काळा भाजून दोष झाकले जातात. पिणारा म्हणतो, 'रोबस्टा वाईट.' भाव पडतो. भाव पडला की शेतकरी पुढच्या वर्षी आणखी कमी काळजी घेतो. हे चक्र अनेक वर्षे चालू राहिले.

हेच फळ लाल झाल्यावर तोडले, साल व गर काढून धुतले आणि पातळ थरात वाळवले, तर चव पार बदलते. या धुतलेल्या रोबस्टाला व्यापारात 'पार्चमेंट' म्हणतात. त्यातल्या निवडक दाण्यांची 'कापी रॉयल' ही भारताची खास प्रत परदेशात नावाजली गेली आहे. कर्नाटकातल्या बाळेहोन्नूर येथे 1925 पासून कॉफी संशोधन केंद्र आहे. तिथे तयार झालेला 'सी बाय आर' हा संकरित वाण सौम्य चवीसाठी ओळखला जातो. 2019 मध्ये 'वायनाड रोबस्टा'ला भौगोलिक मानांकन मिळाले. आता चव पारखणाऱ्या तज्ज्ञांकडे रोबस्टासाठी स्वतंत्र गुणपद्धतीही आहे.

एका सरीवर वर्षाची भाकरी

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. भारतातल्या कॉफी बागायतदारांपैकी 98 टक्क्यांहून अधिक जणांकडे 10 हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे. मोठी सावली देणारी झाडे, त्यांवर चढलेले मिरीचे वेल आणि खाली कॉफीची झुडपे, अशी ही बाग असते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एक चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत सारी बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते. रोबस्टाचे फूल स्वतःच्याच परागाने फळत नाही, त्याला वारा आणि मधमाश्यांची मदत लागते. सर चुकली, तर ज्याच्याकडे तुषार सिंचनाची सोय आहे तो तरतो. बाकीचे आकाशाकडे पाहत बसतात.

त्यातून पीक हाती आले तरी भाव लंडनच्या बाजारात ठरतो. 1990 च्या दशकात व्हिएतनामने रोबस्टाची लागवड प्रचंड वाढवली. 2001-02 च्या सुमारास भाव इतके कोसळले की तोडणीची मजुरीही निघेना. वायनाडमधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी तेव्हा सारा केरळ हादरला होता. याउलट 2024 मध्ये व्हिएतनाममधल्या दुष्काळानंतर मालाची टंचाई झाली आणि लंडनमध्ये रोबस्टाचा भाव टनाला 5000 डॉलरच्या वर गेला. ज्यांच्या बागा तोवर टिकून होत्या, त्यांना चार पैसे मिळाले. पण टंचाईमुळे आलेला भाव टंचाईबरोबरच जाऊ शकतो. गुणाला मिळालेला भाव मात्र टिकण्याची शक्यता अधिक असते. म्हणूनच रोबस्टाला नाव मिळणे महत्त्वाचे आहे.

कॉफी घेताना हे पाहा

● पाकिटावरचा मजकूर वाचा. कॉफीत चिकोरी मिसळली असेल, तर तिचे प्रमाण छापणे बंधनकारक आहे. अशा मिश्रणात कॉफी 51 टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये. चिकोरी हे एका झाडाचे भाजलेले मूळ असते. तिचा कडवटपणा अनेकदा विनाकारण रोबस्टाच्या माथी मारला जातो.

● घरच्या घरी परीक्षा करता येते. ग्लासभर थंड पाण्यावर चमचाभर फिल्टर कॉफीची पूड हलकेच टाका. कॉफी तरंगत राहते, तर चिकोरी काही क्षणांत रंगाच्या रेघा सोडत तळाशी जाऊ लागते. झटपट कॉफी पाण्यात विरघळते, तिला ही परीक्षा लागू नाही.

● दाणे दळून देणारे दुकान जवळ असेल, तर तीन भाग अरेबिका आणि एक भाग धुतलेला रोबस्टा असे मिश्रण करून घ्या. थोडेच घ्या, म्हणजे ताजे राहील. आवडले तर रोबस्टा वाढवा.

● डिकॉक्शन पुन्हा उकळू नका. उकळी येऊन किंचित निवलेले पाणी फिल्टरमध्ये ओता आणि गरम दूध वरून घाला. आपल्याकडच्या जायफळ-वेलदोड्याच्या दुधाळ कॉफीत अरेबिकाचा नाजूक सुवास दबतो. तिथे रोबस्टाचा भरीवपणा शोभून दिसतो.

● कॅफीन जास्त असल्याने रोबस्टा बेताने प्या. झोप न येण्याची किंवा धडधडीची तक्रार असणाऱ्यांनी ती संध्याकाळनंतर टाळावी. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तांदूळ घेताना आपण आंबेमोहोर की कोलम, नवा की जुना, हे विचारतो. तसेच कॉफीच्या दुकानातही विचारा, 'रोबस्टा कुठला, धुतलेला आहे का?' गिऱ्हाईक हे विचारू लागले, तर दुकानदाराला उत्तर शोधावे लागेल. मग लाल फळे निवडून तोडणाऱ्या वायनाडच्या शेतकऱ्याला त्या मेहनतीचा दाम मागता येईल, आणि तुमच्या कपातली कॉफीही सुधारेल.