साउथवोल्ड : एक शांत किनारा

उन्हाळ्याची सुट्टी आली की आम्ही लंडनकर मंडळी ब्राइटन नाहीतर साउथएण्ड गाठतो. तिथे गर्दी, पार्किंगची मारामार आणि मुलांचा ‘हे घ्या, ते घ्या’ असा धोशा! या वेळी मात्र आम्ही चार कुटुंबे सफोकमधल्या साउथवोल्डला गेलो.

गाव टुमदार आहे. १६५९ साली इथे भीषण आग लागून २३८ घरे जळाली. पुन्हा आग पसरू नये म्हणून नंतर मध्ये मध्ये हिरवळीची मैदाने मोकळी सोडली, असे सांगतात. १८७९ साली आपल्या माथेरानसारखी छोट्या रुळांची गाडी सुरू झाली. ती १९२९ मध्ये बंद पडली. मोठी रेल्वे कधी आलीच नाही, म्हणूनही गाव शांत राहिले असावे. १८९० सालचे पांढरेशुभ्र दीपगृह चक्क घरांच्या मधोमध उभे आहे. किनाऱ्यावर रंगीबेरंगी लाकडी खोल्यांची रांग, आणि आपल्या बंगल्यांसारखी प्रत्येकीला नावे!

या गावाचे भारताशीही नाते आहे. लेखक जॉर्ज ऑर्वेल यांचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधल्या मोतीहारीचा. वडील तिथे सरकारच्या अफू खात्यात होते. निवृत्तीनंतर, १९२१ मध्ये, ते साउथवोल्डला राहायला आले आणि १९३९ मध्ये इथेच वारले. हाय स्ट्रीटवर त्यांच्या घराला पाटी आहे.

त्या पाटीपुढे आमच्यातले एक काका बराच वेळ थांबले. ते येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. पुण्याचा फ्लॅट कुलूपबंद आहे, नातवंडे इथे आहेत. काका म्हणाले, “हा माणूस आपल्याकडे नोकरी करून म्हातारपणी आपल्या घरी परतला. आपण परतायचे म्हणजे नेमके कुठे?” काकू म्हणाल्या, “आधी चहा घेऊ या.” मग पिअरवर समुद्राकडे बघत सगळ्यांनी चहा घेतला. कोणीच फारसे बोलले नाही. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे : लंडनहून मोटारीने सुमारे तीन तास लागतात. वारा बोचरा, तेव्हा ऑगस्टातही स्वेटर हवाच. उन्हाळ्यात वल्ह्यांच्या होडीतून पलीकडच्या वॉल्बर्सविकला जाता येते. तिथे दोरीने खेकडे पकडण्यात मुले रमतात. डब्यात पुरी-भाजी न्या, पण आजी-आजोबांनाही जरूर न्या!