जमिनीवरील टक्कर

बरकतपुऱ्यासारख्या वस्तीवरून विमानाची घरघर गेली, की मुले गच्चीकडे धावतात आणि मोठी माणसेही क्षणभर मान वर करतात. हैदराबादच्या उत्तरेस हकिमपेट व दुंडिगल येथे वायुदलाचे वैमानिक घडविले जातात. विमान आकाशात आहे तोवर धोका, जमिनीला टेकले की सुटका, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु ती खरी नाही.

धावपट्टीकडे स्वतःच्या चाकांवर संथपणे निघालेले विमान हे पक्षी नसून एक अवजड गाडाच असते. पूर्वीच्या अनेक लढाऊ व शिकाऊ विमानांचे लहान चाक शेपटीखाली असे. त्यामुळे नाक वर उचललेले राही आणि वैमानिकाला नेमकी समोरची वाट दिसत नसे. बंगलोर येथे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली रचलेले व १९५१ साली प्रथम उडालेले 'एच. टी. २' हे विमान याच घडणीचे होते. अशी विमाने नागमोडी चालवून, एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून पुढचे पाहून घ्यावे लागे. घाटगे यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या 'किरण' विमानाला, १९६४ साली, पुढचे चाक नाकाखाली आले आणि समोरची अडचण सरली.

पंखांची अडचण मात्र उरली. मागे कललेल्या पंखाचे टोक वैमानिकाच्या पाठीमागे राहते व वळताना अंदाजापेक्षा अधिक बाहेर फिरते. त्यात सैनिकी विमाने बहुधा एकामागून एक निघतात. पोटात इंधन आणि प्रसंगी दारूगोळा असतो. म्हणूनच ठराविक अंतर, जमिनीवर रेखलेल्या खुणा आणि इशारे देणारा माणूस यांना तेथे इतके महत्त्व आहे.

याहून सूक्ष्म धोका शब्दांचा. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन प्रवासी विमाने धावपट्टीवरच आदळली व ५८३ माणसे दगावली. 'उड्डाण' या शब्दाचा एकाने 'निघालो' असा अर्थ केला, दुसऱ्याने 'तयार आहोत' असा. तेव्हापासून हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीपुरताच राखून ठेवला आहे, आणि महत्त्वाची आज्ञा वैमानिकाने जशीच्या तशी म्हणून दाखवावी लागते. तरीही २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर, भूकंपग्रस्तांना मदत नेणारे तटरक्षक दलाचे विमान, आपला क्रमांक पहिला आहे हे ऐकून धावपट्टीवर गेले. धावपट्टीपाशी थांबण्याची आज्ञा त्याने बरोबर म्हणून दाखविली होती. उतरत्या प्रवासी विमानाशी टक्कर होऊन त्यातील सहांपैकी पाच जण मृत्युमुखी पडले. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण मात्र शिस्तीने बाहेर पडून वाचले.

आज्ञा ओठांनी उच्चारणे आणि ती मनाने ग्रहण करणे यांत अंतर आहे. आकाशात जाण्यापूर्वी वैमानिकाला ते अंतर जमिनीवरच ओलांडावे लागते.