चौदाव्या दिवसापासून

धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत कुणाच्या घरी माणूस गेला की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारून, भावकीतून पिठलं-भाकरी येते. बाया गळ्यात पडून रडतात, गडीमाणसं अंगणात ताडपत्रीवर बसून राहतात. तेरा दिवस त्या घराला कुणी एकटं सोडत नाही. चौदाव्या दिवशी ताडपत्री गुंडाळली जाते. फेरफार, बँकेचं पत्र, पोरांची शाळा, दिरांसोबतची बोलणी हे सगळं त्यानंतर सुरू होतं, आणि तेव्हा सोबतीला कुणी नसतं. असतात त्या ऐकीव गोष्टी, आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या.

माणूस जाण्याआधीच्या दिवसांबद्दलही अशाच ऐकीव गोष्टी आहेत. शेतकरी आत्महत्यांच्या यादीत या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं येतं. 2012-13चा आणि 2015-16चा दुष्काळ ज्यांनी टँकरच्या रांगेत काढला, त्यांना ते वेगळं सांगायला नको. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

‘जो बोलून दाखवतो तो काही करत नाही.’ पारावर हे हमखास ऐकू येतं आणि त्याच्याइतकं घातक वाक्य दुसरं नाही. आत्महत्येचा विचार करणारी पुष्कळ माणसं आधी काही ना काही बोललेली असतात. ‘आता माझ्यावाचून तुमचं चाललं पाहिजे’, ‘कंटाळा आलाय सगळ्याचा’, अशा शब्दांत. कुणी आवडीची वस्तू देऊन टाकतं, कुणी रात्र रात्र जागं असतं, रोज बाजाराला जाणारा घराबाहेर पडेनासा होतो. ही मदतीची हाक असते आणि आपण तिला नाटक म्हणतो.

याच्याच जोडीला दुसरी भीती असते: विषय काढला तर नसलेलं डोक्यात घालू. जागतिक आरोग्य संघटनेनं आत्महत्येबद्दलच्या गैरसमजांत हा मुद्दा स्पष्टपणे खोडून काढला आहे. थेट विचारल्यानं विचार रुजत नाही. उलट मनात कोंडलेलं बाहेर यायला वाट मिळते. ‘लई दिस झालं, गप-गप हायस. जीव नको वाटतोय का तुला?’ एवढं विचारता येतं. अवघड असतं ते त्यानंतरचं. समोरचा ‘हो’ म्हणाला की आपण लगेच समजवायला लागतो. बायकापोरांकडं बघ, आई-बापाचा विचार कर, बाकीच्यांवर काय कमी संकटं आली का. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ज्याला आधीच आपण घरावर ओझं आहोत असं वाटतंय, त्याच्या ओझ्यात हे बोलणं भर घालतं. ऐकून घेणं, रात्री एकटं न सोडणं, फवारणीची औषधं घरातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवणं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सोबत जाणं, एवढ्यानं जीव वाचतात. ‘ज्यानं ठरवलंय त्याला कोण अडवणार’ हेही म्हणूनच खरं नाही. ती टोकाची वेळ बहुतेकदा थोडी असते. ती टळली की पुष्कळ माणसं पुढं आयुष्य जगतात.

प्रयत्न फसलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायला घरचे कचरतात, पोलीस केस होईल म्हणून. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 सालचा. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालावं आणि त्याला शिक्षा करू नये, असं त्यात लिहिलं आहे. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं 309 कलमच राहिलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो, जबाब होतो, हे खरं. पण त्या भीतीपायी गेलेला एक तास फार महाग पडू शकतो.

कारणाबद्दल गावात दोन टोकं दिसतात. एकजण म्हणतो, कर्जानं गेला. दुसरा म्हणतो, डोक्यानंच कमकुवत होता. मला दोन्ही अपुरी वाटतात. सोयाबीनला भाव नाही, बोअर आटलं, लेकीचं लग्न ठरलंय, त्यात दारू, त्यात एखादा जुना आजार. यातल्या तीन-चार गोष्टी एकाच महिन्यात एकत्र येतात. ‘मनाचा आजार’ म्हणून शेतीचा प्रश्न झाकता येत नाही, आणि शेतीचा प्रश्न खरा आहे म्हणून मनाचा इलाज टाळण्यातही शहाणपण नाही. राज्य सरकारनं 2015मध्ये ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला तो या विचारातूनच. चौदा जिल्ह्यांत, त्यात आपला जिल्हा होता. घरोघर फिरणाऱ्या आशाताईंनी ताणाखालची माणसं ओळखायची आणि पुढं पाठवायची, असं त्याचं रूप. आज 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीत बोलता येतं. तिथं फोन करणारा वेडा नसतो. ताप आला म्हणून आरोग्य केंद्रात जाणाऱ्याला आपण काही म्हणतो का?

आणखी एक समजूत घरातल्या घरातली आहे. ‘बायकोला कशाला सांगायचं, तिला उगाच ताण.’ सावकाराचे किती, सोसायटीचे किती, हे कित्येक घरांत बाईला नवरा गेल्यावर कळतं. तिला वाचवायला ठेवलेलं गुपित तिच्याच अंगावर कोसळतं. घरातल्या बाईला काय झेपतं याचं उत्तर या जिल्ह्यानं तीस वर्षांपूर्वीच दिलं आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेचा भूकंप किल्लारीच्या नावानं ओळखला जातो, पण आपल्याकडचं सास्तूरही त्या पहाटे जमीनदोस्त झालं. घरं दुरुस्त करून मजबूत करण्याच्या सरकारी कार्यक्रमात तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांतल्या हजाराहून जास्त गावांत त्यांनी लोकांना बांधकाम समजावलं, पैशाचा हिशोब विचारला, अभियंत्यांशी वाद घातला. ज्यांनी तोवर चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं अशा बाया. पुढं दुष्काळात याच संस्थेनं ‘एक एकर’ शेतीचा मार्ग धरला. बाईनं नवऱ्याकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात डाळी, भाजीपाला, ज्वारी असं घराला पुरणारं पीक कमी पाण्यात घ्यायचं. बाकीच्या रानात नगदी पीक बुडालं तरी ताट रिकामं राहत नाही. 2017मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यातली नवऱ्याकडं एकर मागण्याची गोष्ट जास्त मोलाची वाटते. ज्या घरात बाई रान मागू शकते, त्या घरात कर्जाचा आकडाही चुलीपुढं उघड बोलला जातो.

आता चौदाव्या दिवसाकडे. ‘जमीन पोरांची, तू नुसती खा.’ हिंदू उत्तराधिकार कायदा 1956चा आहे, तरी हे वाक्य आजही ऐकू येतं. मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई या सगळ्यांना सारखा वाटा. मागं आई, बायको, एक मुलगा, एक मुलगी असतील तर चौघांना पाव-पाव. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी मयताचा हिस्सा काढायचा आणि मग त्याचे असे वाटे करायचे. पत्नीनं पुढं लग्न केलं तरी वारशानं मिळालेला वाटा जात नाही. मुस्लिम कुटुंबात मुलंबाळं असतील तर पत्नीचा आठवा हिस्सा. वारसनोंद हा दिरांनी केलेला उपकार नसतो.

कर्जाचंही तसंच. नवऱ्याचं देणं वारसांवर येतं, पण मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. तिच्या स्वतःच्या कमाईवर कुणाला हात घालता येत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तिनं कुठं सही केली असेल तर मात्र गोष्ट वेगळी, म्हणून कागद आधी वाचून घ्यावेत. बिनपरवाना सावकारी 2014च्या राज्य कायद्यानं गुन्हा आहे. अशा सावकाराकडं गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो.

‘प्रकरण अपात्र झालं, आता काही मिळत नाही’ हे वाक्य ऐकून कित्येक बाया घरी बसल्या. आत्महत्येच्या पात्र प्रकरणात 2006पासून एक लाखाची मदत ठरली: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव म्हणून. पण तेवढ्यानं यादी संपत नाही. संजय गांधी निराधार योजनेत उत्पन्नाची अट बसली तर महिन्याला पंधराशे रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या घरात कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभाचे वीस हजार. बाप गेलेल्या लेकरासाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला 2,250. पात्र-अपात्रचा शिक्का यातल्या एकाच मदतीला लागू असतो. साप चावून, विजेचा धक्का लागून किंवा अपघातात शेतकरी गेला असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेचे दोन लाख. शेतकऱ्याच्या घरातल्या, सातबारावर नाव नसलेल्या एका माणसालाही ती योजना लागू आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

अशा घरी गेल्यावर काय बोलावं हे सुचत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. बोलणं सुचलं नाही तरी कामात सोबत करता येते. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत केली तर पैसे लागत नाहीत. तेरावा झाल्यावर हातात आठवडा उरतो. त्या आठवड्यात त्या घरच्या बाईबरोबर ग्रामपंचायतीत जा. दाखल्याच्या दहा-बारा प्रती काढून घ्या, कारण बँक, सोसायटी, तहसील, शाळा, सगळीकडं एक-एक लागते. मग तिला गाडीवर मागं बसवून तलाठी कार्यालयात न्या आणि वारसनोंदीच्या अर्जात तिचं नाव आहे ना, ते तिलाच वाचायला लावा.